धोंड्याचा महिना दरसाल

आक्का साक्षरता वर्गाला रोज येतात. त्या रात्री त्या उशिरा आल्या. चेहरा उतरलेला होता. पाटी बाजूला ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या.

गुरुजींनी विचारले, "आक्का, काय झाले? बरे नाही का?"

आक्का म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या लेकीला पुण्यात मुलगी झाली. मला दोन दिसांनी कळलं. जावई फोन करून करून थकले. माझा फोन लागतच न्हवता. शेवटी त्यांनी शेजारच्या फोनवर सांगितलं. लेक म्हणत आसंल, आईला काळजी न्हाई."

"फोनला काय झाले होते?"

"काय न्हाई. फोन धडधाकट हाय. दुकानदार म्हणतो, प्लॅन संपला. आवं, म्या तीन जूनला पैसं भरलं. तीन जुलैला महिना भरतो. लावणीच्या घाईत आठवडा लांबला, एवढंच."

गुरुजींनी फोन हातात घेतला. पैसे भरल्यावर कंपनीचा मेसेज आला होता. तो अजून फोनमध्ये होता. ते म्हणाले, "आक्का, आता तुम्हाला आकडे वाचता येतात. यात दिवस किती लिहिलेत, वाचा."

आक्कांनी बोट ठेवून वाचले, "अठ्ठावीस."

सगळा वर्ग गप्प झाला.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही महिना धरला. कंपनीने अठ्ठावीस दिवस धरले. तीन जूनला भरलेले पैसे तीस जूनला संपले. तुमच्या हिशोबाने उशीर सात दिवसांचा. कंपनीच्या वहीत तो दहा दिवसांचा. मुदत संपली की आधी जाणारे फोन बंद होतात. थोड्या दिवसांनी येणारेही बंद होतात."

मग गुरुजींनी फळ्यावर हिशोब मांडला.

२८ × १३ = ३६४

"वर्षाचे महिने बारा. पण अठ्ठावीस दिवसांनी पैसे भरले, तर वर्षात तेरा वेळा भरावे लागतात. समजा, एका वेळेला २८० रुपये लागले. बारा वेळांचे होतात ३,३६० रुपये. तेरा वेळांचे होतात ३,६४० रुपये. म्हणजे २८० रुपये जास्त."

तात्या हसून म्हणाले, "म्हंजे धोंड्याचा महिनाच की! पन त्यो तीन वर्षांनी येतो. कंपनीचा दरसाल येतो. आन् वाण जावयाला न्हाई, कंपनीला."

सगळे हसले. आक्काही हसल्या. मग त्यांनी दुसरे गाऱ्हाणे सांगितले.

"म्या तालुक्याला कंपनीच्या दुकानात गेले. तिथला पोरगा म्हणाला, सिम तुमच्या नावावर न्हाई, पुतण्याच्या नावावर हाय. त्याला आणा. पुतण्या ट्रकवर हाय, बंगलोरला गेलाय. गाडीभाडं गेलं, दिस गेला, काम न्हाई झालं. पैसं मी भरते, आन् नंबर माझा न्हाई?"

गुरुजी म्हणाले, "जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, तसेच हे झाले. सिम हरवले, तर नवे सिम कागदावरच्या नावालाच मिळते. बँकेचा मेसेज याच नंबरावर येतो. म्हणून सिम आपल्या नावावर हवे. पुतण्या आला की दोघे आपापले ओळखपत्र घेऊन जा. नाव बदलण्याचा अर्ज द्या."

तात्यांनी विचारले, "पन गुरुजी, कंपनीला इचारणारं कुणी हाय का न्हाई?"

"आहे. १९९७ साली सरकारने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण नेमले. लोक त्याला 'ट्राय' म्हणतात. त्याचे काही नियम आपल्या कामाचे आहेत. लिहून घ्या."

आपल्या कामाचे नियम

१. प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवला पाहिजे. दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचाही एक ठेवला पाहिजे. हा हुकूम २०२२ सालचा आहे. दुकानदार आपण होऊन सांगत नाही. आपण मागावा.

२. आक्कांचा फोन बटणांचा आहे. त्यात इंटरनेट चालत नाही. तरी प्लॅनमध्ये त्याचे पैसे जातात. फक्त बोलणे आणि मेसेज, असाही प्लॅन कंपनीने ठेवावा, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला. मुदत लांब असेल, तर एकदम जास्त पैसे लागतात. म्हणून किमतीला दिवसांनी भागावे. रोजचे किती पडतात ते पाहून मग घ्यावा.

३. तक्रार असेल, तर त्याच कंपनीच्या फोनवरून १९८ हा नंबर लावावा. पैसे पडत नाहीत. तक्रारीचा नंबर मिळतो. तो वहीत लिहावा. नंबर नसेल, तर तक्रार केल्याचा पुरावा नाही. मुदतीत दाद मिळाली नाही, तर पुढच्या तीस दिवसांत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला फी नाही.

४. कंपनी नकोशी झाली, तर ती बदलता येते. नंबर तोच राहतो. ही सोय २०११ पासून सगळ्या देशात आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहावे, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि १९०० ला मेसेज पाठवावा. प्लॅनमध्ये मेसेज नसले, तरी हा मेसेज कंपनीने जाऊ दिलाच पाहिजे, असे ट्रायने २०२१ साली बजावले आहे. उत्तरात एक खुणेचा नंबर येतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे.

बाजाराच्या दिवशी आक्का दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "द्या पैसे, मारतो नेहमीचा."

आक्का म्हणाल्या, "थांब बाबा. आधी मला वाचू दे. दिवस किती ते बघते."

त्यांनी तीस दिवसांचा प्लॅन मागितला. आलेला मेसेज वाचला. संपायची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल खडूने लिहिली. मग पहिला फोन लेकीला लावला. नातीचे रडणे ऐकले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

मंडळी, पैसे देण्याआधी तीन गोष्टी वाचा: दिवस किती, मिळणार काय आणि सिम कोणाच्या नावावर. वाचायला शिकलात, ते याचसाठी.

प्रश्न

१. आक्कांचा फोन का बंद पडला?
२. अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन घेतला, तर वर्षात किती वेळा पैसे भरावे लागतात?
३. तक्रार केल्यावर वहीत काय लिहावे?

करून पहा

आपल्या फोनचा प्लॅन कोणत्या तारखेला संपतो? ती तारीख वहीत लिहा. सिम कोणाच्या नावावर आहे, तेही लिहा.