शोभेची विषारी झाडे आणि दारचा कुत्रा

शाळेचे आवार असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा शासकीय वसाहत, कुंपणाला कण्हेर हमखास आढळते. तिला पाणी कमी लागते, फुले भरपूर येतात आणि गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ती तोंड का लावीत नाहीत, याचा विचार मात्र लावणारा क्वचितच करतो. कण्हेरीचे मूळ, पान, फूल, बी सारेच विषारी असून ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते.

कुत्र्याची, विशेषतः पिल्लाची, गोष्ट गुरांहून वेगळी. दात येताना पिल्लू दिसेल ते चावते. छाटणीनंतर फांद्या आवारातच पडून राहतात आणि पाने वाळली तरी त्यांतील विष जात नाही. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हीही तशीच. तिच्या बियांनी मुले खेळतात आणि त्या अंगणात टाकून देतात.

कार्यालयांच्या हिरवळीवर दिसणारा सायकस ताडासारखा भासला तरी ताडाच्या कुळातील नव्हे. त्याची बी सर्वाधिक विषारी. एकदोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आरंभी उलट्या होतात. कधी जनावर सावरल्यासारखे वाटते, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी झाल्याची लक्षणे दिसू लागतात. या फसव्या उताराने अनेकदा उपचारांची वेळ टळून जाते. कुंडीतील डिफेनबेकिया तोंडाची आग करतो, लाळ गाळवितो. पण तो सहसा प्राणघातक ठरत नाही.

झाडाहून अधिक दुर्लक्षित आहे ती एरंडीची पेंड. तेल गाळले तरी एरंडीचे विष पेंडीतच राहते. बागेला खत म्हणून घातलेली ही पेंड कुत्रे वासाने उकरून खातात. म्हणून ती बंद डब्यात ठेवावी व कुत्र्याचा वावर असलेल्या वाफ्यांत मुळीच घालू नये.

कण्हेर सरसकट तोडावी, असे आमचे म्हणणे नाही. रस्त्याच्या दुभाजकावर ती योग्यच आहे. जेथे पिल्ले व लहान मुले वावरतात, तेथे जास्वंद किंवा मोगरा लावावा. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात, मात्र त्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो.

कुत्र्याने असे काही खाल्ल्याचा संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय स्वतःच घातक ठरू शकतो. तेल घशात ओतल्यास ते फुप्फुसात जाण्याचे भय असते. सोबत त्या झाडाची डहाळी कागदात गुंडाळून न्यावी आणि कुत्र्याने ते किती व केव्हा खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे.