रांगेचे गणित आणि घरच्यांचा एक दिवस

मनोरंजन उद्यानात कुटुंबासह घालवलेला दिवस आनंदाचा जावा, अशी सर्वांचीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात संध्याकाळी अशा उद्यानाच्या फाटकातून बाहेर पडणारी मंडळी पाहिली, तर निराळेच चित्र दिसते. लहान मूल खांद्यावर झोपलेले, आईच्या दोन्ही हातांत ओल्या कपड्यांच्या पिशव्या, आजोबा वाटेतल्या कट्ट्यावर टेकलेले, आणि वडील ‘पैसे वसूल झाले की नाही’ याचा हिशेब करीत असलेले. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे खर्चून विकत आणलेला हा थकवा टाळता येईल काय? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला हा प्रश्न नशिबाचा नसून नियोजनाचा वाटतो. आपल्या अभ्यासक्रमातील दोन-चार साध्या कल्पना त्यासाठी पुरतात. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने थोडा विचार करावयाचा आहे.

एक तिकीट, दोन किमती

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड सुरू झाले. पहिल्याच दिवशी बनावट तिकिटांमुळे अपेक्षेहून कितीतरी अधिक लोक आत शिरले आणि सारी व्यवस्था कोलमडली. म्हणजे गर्दीचा प्रश्न या उद्यानांच्या जन्माबरोबरच आला आहे.

त्याच वर्षी तेथे तिकिटांची पुस्तके विकण्याची पद्धत सुरू झाली. पुढे त्यांत पाच दर्जे झाले. साध्या राईडला खालच्या दर्जाचे स्वस्त तिकीट, अधिक लोकप्रिय राईडला वरच्या दर्जाचे महाग तिकीट. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकाच प्रवेश-तिकिटात सर्व राईड मोकळ्या झाल्या. आज आपल्याकडील बंगळूरजवळचे वंडरला किंवा खोपोलीचे इमॅजिका येथेही बहुतांशी हीच रीत आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. एकदा आत गेल्यावर प्रत्येक राईडची पैशातील किंमत शून्य होते. वस्तू फुकट झाली की तिची मागणी वाढते, परंतु राईडमधील जागा तेवढ्याच राहतात. मग वाटप कशाने व्हावयाचे? ते वेळेने होते. म्हणजे आपण दोन किमती देतो. एक खिडकीवर रुपयांत आणि दुसरी आत रांगेत उभे राहून मिनिटांत. पहिली किंमत पावतीवर छापलेली असते, दुसरी कोठेच लिहिलेली नसते.

आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाचे वाचक मला दुजोरा देतील की, कन्नडमध्ये रांगेला ‘सालु’ म्हणतात आणि कर्जाला ‘साल’. या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा. रांग म्हणजे वेळेचे कर्जच होय, आणि ते फेडताना घरातील सर्वांत अशक्त माणसाला सर्वांत जास्त व्याज पडते.

रांग कशी वाढते?

रांगेचे शास्त्र प्रथम टेलिफोनच्या निमित्ताने जन्मास आले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये या विषयावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यातून वाढलेल्या शास्त्रातील अगदी साधे उदाहरण घेऊ. एकच खिडकी आहे, आणि लोक अनियमितपणे येत आहेत. खिडकीची निम्मी क्षमता वापरली जात असेल, तर तेथे सरासरी १ माणूस असतो. ८० टक्के वापरली गेली तर ४, ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९.

हे आकडे नीट पाहावेत. ८० वरून ९० वर जाताना येणारे लोक केवळ एक-अष्टमांशाने वाढले, परंतु रांग दुपटीहून मोठी झाली. ९० वरून ९५ वर जाताना तर गर्दीत थोडीशीच भर पडली, आणि रांग पुन्हा दुप्पट झाली. उद्यानातील राईडचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो हे खरे, पण कल तोच राहतो. याचाच अर्थ असा की, थोडीशी कमी गर्दी असलेला दिवस किंवा तास निवडला, तर सुटका थोडीशी नव्हे, पुष्कळच होते. सगळ्या नियोजनाचे मर्म या एका वाक्यात आहे.

दुसरा उपयोगी नियम जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेतील माणसांची संख्या म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारी मिनिटे. रांग स्थिर असेल तर जितके येतात तितकेच पुढे जातात. म्हणून आपण उलट भागाकार करू शकतो. समजा, एका राईडमध्ये दर दोन मिनिटांनी १२ जण बसतात, म्हणजे मिनिटाला ६. आपल्यापुढे १८० माणसे असतील, तर १८० भागिले ६, म्हणजे अर्धा तास. मनगटावर घड्याळ आणि तोंडी भागाकार एवढ्या भांडवलावर रांगेत शिरण्यापूर्वीच निर्णय घेता येतो. ‘बघू या, सरकेल की’ असे म्हणून उभे राहण्यापेक्षा हे बरे.

दिवस कोणता निवडावा?

रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शाळांच्या मोठ्या सुट्ट्या टाळाव्यात, हे कोणीही सांगेल. पण डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहलींच्या बसगाड्या येतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आधी दूरध्वनी करून त्या दिवशी किती शाळा येणार आहेत, हे विचारण्यास काहीच हरकत नाही.

आपण सीमाभागातील लोक. आपल्या भागाचे दोन दिनदर्शिकांशी नाते आहे, आणि येथे त्याचा फायदा घेता येतो. बेळगावच्या मराठी शाळाही कर्नाटकच्या शिक्षण खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतात. कर्नाटकात सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याच्या सुमारास, तर महाराष्ट्रात ती दिवाळीत. उन्हाळ्याची सुट्टीही कर्नाटकात एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लागते, त्या वेळी महाराष्ट्रातील शाळा सहसा सुरूच असतात. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत किंवा एप्रिलच्या मध्यास आपली मुले मोकळी असताना बंगळूरकडे सगळ्या कर्नाटकाबरोबर धावण्यापेक्षा खोपोलीकडे जाणे शहाणपणाचे. तेथील मुले त्या वेळी वर्गात असतात. सुट्टी आपली आणि गर्दी त्यांची नाही, असा हा योग केवळ सीमेवर राहणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. मात्र एप्रिलचे ऊन ध्यानात घेऊन दसऱ्याची वेळ अधिक पसंत करावी.

आणखी एक गोष्ट. बेळगावहून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट उद्यानात जाण्याचा मोह टाळावा. एका रात्रीचे लॉजचे भाडे वाचते, पण झोप बुडते. आणि झोपेची तूट दुपारी दोन वाजता चेहऱ्यावर दिसू लागते.

दिवसाचे तीन भाग

उद्यानाचे फाटक उघडताच बहुतेक लोक समोर दिसणाऱ्या पहिल्या राईडकडे धावतात. त्यामुळे पुढच्या भागातील रांगा आधी भरतात आणि मागचा भाग तासभर तरी मोकळा राहतो. म्हणून उघडण्यापूर्वी अर्धा तास फाटकाशी असावे, आणि आत गेल्यावर ज्या राईडची सर्वांत जास्त हौस आहे तिच्याकडे, ती मागे असली तरी, प्रथम जावे. पहिल्या तासाचे मोल दुपारच्या दोन तासांइतके असते.

मधला भाग विश्रांतीचा. सर्व लोक एक ते दोनच्या दरम्यान जेवतात, म्हणून आपण बाराला जेवावे. त्यानंतर तासभर सावलीत बसावे, झोप लागल्यास लागू द्यावी. पाण्यात खेळतानाही घाम जातो आणि तहान लागल्याचे कळत नाही. यास्तव तहान लागण्याची वाट न पाहता सर्वांना ठरावीक वेळाने पाणी द्यावे.

तिसरा भाग शेवटच्या दीड-दोन तासांचा. लहान मुलांची कुटुंबे परतू लागतात आणि रांगा पुन्हा आखूड होतात. ज्यांनी दुपारी विश्रांती घेतली त्यांनाच हा भाग लाभतो.

जादा पैसे भरून लवकर आत सोडणारी तिकिटेही आता मिळतात. डिस्नीच्या उद्यानांत १९९९ पासून ‘फास्टपास’ नावाची सोय फुकट होती. ती २०२१ मध्ये बंद होऊन तिच्या जागी पैसे घेणारी सोय आली. वंडरलातही ‘फास्टट्रॅक’ तिकीट आहे. अशा तिकिटाने राईडची क्षमता वाढत नाही, फक्त क्रम बदलतो. ऐन गर्दीच्या दिवशी ते उपयोगी पडेल. परंतु दिवस नीट निवडला असेल, तर सहा माणसांचे जादा पैसे वाचवणेच इष्ट.

शक्तीचे अंदाजपत्रक

गेल्या फेब्रुवारीत बंगळूरला एका नातेवाइकांचे लग्न होते. त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही घरची सहा माणसे वंडरलास गेलो. आजी, आई, बाबा, मी, आठवीतील बहीण आणि काकांचा सहा वर्षांचा मुलगा. फेब्रुवारीत परीक्षा जवळ आल्याने शाळांच्या सहली कमी असतात, हे आम्ही हेरले होते. आदल्या रात्री मी वहीत सहा रकाने आखले आणि प्रत्येकाच्या नावाखाली तास मांडले.

मांडताना एक गोष्ट स्पष्ट दिसली. बहिणीचा आणि माझा रकाना राईडच्या नावांनी भरला. आईच्या रकान्यात ‘पिशव्यांपाशी’ आणि ‘लहानग्याबरोबर’ याखेरीज काहीच येईना. आजीने तर सांगूनच टाकले, “बाळ, मी बसते पिशव्यांपाशी, तुम्ही जावा की.” आपल्या बहुतेक घरांतून सहलीचा हिशेब असाच असतो. तिकीट सहांचे निघते आणि दिवस तिघांचा होतो. हिशेबनिसाच्या भाषेत बोलायचे, तर उरलेल्या तिघांच्या नावे खर्च पडतो आणि जमा काहीच होत नाही.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. प्रथम आजीला आणि लहानग्याला झेपेल ते लिहिले: बसण्याच्या जागा, शौचालये, सावली, आकाशपाळणा आणि लाटांच्या तलावाचा काठ. मग आईला काय हवे ते विचारले. शेवटी आमच्या दोघांच्या राईड त्यांच्या मधल्या फटींत बसवल्या. पिशव्यांसाठी लॉकर भाड्याने घेतला. दर दोन तासांनी सर्वांनी एका ठरलेल्या झाडाखाली जमावे, असा नियम केला. लहानग्याच्या उंचीला कोणत्या राईड चालतात, हे आधीच पाहून ठेवले, म्हणजे अर्धा तास उभे राहून शेवटी त्याला परत पाठवण्याचा प्रसंग येऊ नये.

त्या दिवशी आम्ही दोघे भावंडे नऊ राईडमध्ये बसलो. पंधरा होऊ शकल्या असत्या. पण आई तीन वेळा पाण्यात उतरली, आणि उंच आकाशपाळण्यातून खाली पाहताना आजीने माझा हात घट्ट धरून, “परत एकदा बसू या,” असे म्हटले. रांगेत थांबावे लागले तेव्हा गाण्याच्या भेंड्या लावल्या. डेव्हिड मैस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना म्हटले आहे की, रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि एकट्याची प्रतीक्षा समूहाच्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. भेंड्यांचा शोध लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच असावे!

‘वसूल’ या शब्दाविषयी

थकव्याचे खरे मूळ मला ‘वसूल’ या शब्दात दिसते. फाटकावर दिलेले पैसे परत येणार नाहीत. अर्थशास्त्रात त्यास बुडीत खर्च म्हणतात. पुढील प्रत्येक निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, असा नियम आहे. ‘इतके पैसे भरले आहेत, मग ही राईड सोडून कसे चालेल?’ हा प्रश्नच चुकीचा. योग्य प्रश्न असा की, आता या घटकेला आणखी चाळीस मिनिटे उभे राहून मिळणारा आनंद त्या चाळीस मिनिटांच्या मोलाचा आहे काय? घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आपण वर्गात केळ्या-आंब्यांच्या उदाहरणांनी शिकतो. दहावी राईड पहिलीइतका आनंद देत नाही, आणि दहाव्या रांगेचा त्रास मात्र पहिलीहून अधिक असतो. हे दोन्ही जेथे एकमेकांस छेदतात, तेथे घरची वाट धरावी.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी सहल चार-पाच वर्षांतून एकदाच घडते, आणि दर खेपेस आजी-आजोबा बरोबर असतीलच असे नाही. नियोजनाची वही आता आपल्या पिढीच्या हाती आली आहे. ती उघडताना पहिला रकाना घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा आखावा. बाकीचे रकाने त्यामागे आपोआप बसतात.