*साधक-अभ्यास : नाणं कोणतं, कचरा कोणता?*



सार काय, असार काय हे निवडण्याची शक्ती म्हणजे विवेक. आज त्याचा अभ्यास एका वेगळ्याच उदाहरणातून करू या.

इंग्लंडमध्ये पुष्कळ माणसं छंद म्हणून, शेतमालकाची परवानगी घेऊन, शेतात मेटल डिटेक्टर फिरवतात. या यंत्रातल्या एका सोयीचं नावच 'डिस्क्रिमिनेशन', म्हणजे आपला विवेक! यंत्राची तबकडी जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असला की त्यात वीजप्रवाह उठतो आणि त्याचं उत्तर परत येतं. लोखंडी खिळ्याचा आवाज सहसा खालच्या पट्टीत, चांदी-तांब्याच्या नाण्याचा वरच्या.

पण एवढ्यावर भागत नाही. जाणकार तीन गोष्टी पाळतात.

*१. दोन्ही दिशांनी पाहणं.* आडवी फिरवलेली तबकडी पुन्हा उभी फिरवतात. सपाट पडलेलं नाणं गोल, म्हणून दोन्हीकडून सारखंच वाजतं. खिळा बहुधा एकीकडून गोड, दुसरीकडून तुटक.

*२. हळू चालणं.* नाण्याशेजारी खिळा पडलेला असेल, तर घाईत खिळाच तेवढा ऐकू येतो.

*३. नाकारताना जपणं.* थंड पेयाच्या डब्याची कडी, चॉकलेटची चांदी आणि सोन्याची बारीक अंगठी, यांचे आवाज फार जवळचे. 'कडी-कागद ऐकवूच नकोस' असं यंत्राला सांगितलं, की अंगठीही गेलीच! उलट मोठं गंजकं लोखंड किंवा बाटलीचं पत्र्याचं बूच नाण्यासारखं वाजून फसवतं. शेवटची खात्री खणून पाहिल्यावरच.

१९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. म्हणजे लोखंडच! लागली सुमारे १५ हजार रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने. त्यांनी सगळं उपसलं नाही. हात थांबवून कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना ठेवा मूळ मांडणीसह काढता आला. पुढे हातोडाही सापडला! आपल्याकडेही १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता आपल्या मनाचं यंत्र पाहू. 'आजींचं तेच ते', 'लहान आहे, तिला काय कळतं', 'याचा स्वभावच कुरकुरा'. अशी बटणं आपण एकदा दाबून ठेवतो आणि त्या माणसाचं काहीच ऐकू येईनासं होतं. आजींचं 'छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय' हे शब्दही मग 'तेच ते'मध्ये जातात. हा विवेक नव्हे, पूर्वग्रह. आणि दामदुप्पट करून देणारा गोड मेसेज आला की मात्र दुसऱ्या दिशेनं तपासायचंही सुचत नाही. कोणी गुरूंचं नाव घेऊन पैसे मागितले, तरी आधी खात्री करा.

*या आठवड्याचा अभ्यास :* घरातल्या ज्या एका माणसाचं बोलणं आपण मध्येच तोडतो, त्याचं रोज एकदा शेवटपर्यंत ऐकायचं. उत्तर लगेच द्यायचं नाही. काय हाती लागलं ते रविवारी घरात एकत्र बसून बोलावं.

शुभं भवतु 🌼