पेडणे-डिचोलीत तळघर काढताय? आधी राडारोड्याची जागा ठरवा

इंग्लंड, कॅनडा आणि आखाती देशांत स्थिरावलेल्या, पण मूळ घर पेडणे किंवा डिचोली तालुक्यात असलेल्या कुटुंबांच्या अनुभवांतून ही माहिती जमवली आहे. दुरून गावात पहिल्यांदाच बांधकाम काढणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच आहे: ब्रेकर चालू होण्याआधी राडारोडा कुठे जाणार ते कंत्राटात लिहून घ्या. इंग्लंडमध्ये दारात स्किप उभा राहतो, भरला की उचलून नेतात, आणि कचरा नोंदणीकृत वाहतूकदाराच्याच हाती जातो ना, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर असते. गावात ‘ते आम्ही बघतो’ एवढ्यावर विषय संपतो आणि टिप्पर एखाद्या सखल शेतात, व्हाळात नाही तर सड्यावर रस्त्याकडेला रिकामा होतो. मालक सातासमुद्रापार असला की विचारणारेही कोणी नसते. म्हणून प्रत्येक खेप रिकामी होते तिथला फोटो मागवा, आणि तो हाती येईपर्यंत वाहतुकीचे पैसे देऊ नका.

माल किती निघेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. चार मीटर बाय पाच मीटरच्या खोलीची १० सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची जमीन फोडली तर दोन घनमीटर, म्हणजे जवळजवळ पाच टन काँक्रीट निघते. फोडल्यावर ढीग दीडपट दिसतो. खरा भार त्याखालच्या जांभ्याचा आणि मातीचा. तेवढ्याच जागेत पावणेतीन मीटर खोल गेलात तर ५५ घनमीटर खोदकाम होते आणि ते मोकळे झाल्यावर आणखी फुगते. खेपांचा हिशेब या आकड्यावर करा.

गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचे १७-अ कलम इथे दोनदा आडवे येते. ठरावीक मर्यादेपलीकडे डोंगर कापायला लेखी परवानगी लागते, तशी सखल जमीन भरायलाही लागते. उतारावरच्या घराखाली तळघर खोदायचे असेल तर पहिली अट लागू होऊ शकते. शेजाऱ्याने आनंदाने ‘आमच्या शेतात टाका’ म्हटले तर दुसरी. तेरेखोल, शापोरा, मांडवीच्या काठची खाजन शेती बांध आणि मानशीवर चालते. तिथे भराव पडला की पाण्याची वाट अडते, आणि त्याचा त्रास साऱ्या वाड्याला होतो. मोरजी-मांद्रे पट्ट्यात किनारा नियमन क्षेत्राची हद्द आधी तपासा. तिथे कचरा टाकून भराव करायला बंदीच आहे. घरगुती कामाचा राडारोडाही रस्त्यावर किंवा गटारात टाकता येत नाही, हे केंद्राच्या २०१६ च्या नियमांतच आले होते. तो कुठे स्वीकारतात याची विचारणा पंचायतीत किंवा पालिकेत लेखी करा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल.

आता कामाचे. काँक्रीट, माती, चिरे आणि लोखंड पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. एकदा मिसळले की कोणी घेत नाही. सळ्या भंगारवाला नेतो. शाबूत चिऱ्यांचा गडगा होतो. स्वच्छ काँक्रीट बारीक फोडून अंगणातल्या वाटेखाली सोलिंगला वापरता येते, पण नव्या पायाखाली नको, आणि माडाच्या आळ्यात तर नकोच: सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. फोडताना पाणी मारत राहा, कारण त्या धुळीतला सिलिका कामगारांच्या फुप्फुसात कायमचा बसतो. मास्क तुम्ही द्या, कंत्राटदारावर सोडू नका. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते न फोडता, ओले करून, अखंड उतरवा.

खोदकाम दिवाळीनंतर काढा आणि मे उजाडण्याआधी ढीग हलवा. मृगाच्या सरींनी तो व्हाळात उतरतो. साखळीत वाळवंटी पात्राबाहेर आली की बाजारपेठेत पाणी शिरते, हे डिचोलीकरांना सांगायला नको. एखादी खेप राहिलीच तर ती ताडपत्रीखाली, उताराच्या वरच्या बाजूला आणि विहिरीपासून लांब ठेवा.