चिखलांतील विद्युज्जंतू व आम्लता

भातखाचरांतील चिखलांत, हवा पोहोंचत नाहीं तेथें, जिओबॅक्टर जातीचे जंतू राहतात. अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन शरीराबाहेर टाकणें हाच त्यांचा श्वास होय. ग्राफाइटच्या पट्टीवर त्यांचा थर जमला म्हणजे सूक्ष्म प्रथिनतंतूंवाटे त्यांतून वीज वाहते.

आम्लता वाढून सामू उतरला कीं हे तंतू अधिक वाहक होतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत सामू ७ वरून २ वर येतां वाहकता सुमारें साडेतीन पट झाली. परंतु यावरून आम्ल हितकर आहे असें समजूं नये. अॅसिटेटचा एक रेणू खातांना ८ इलेक्ट्रॉनांसमवेत ७ प्रोटॉनही सुटतात. ते थरांत साचले तर तंतू सुधारतो, पण तो विणणारा जंतूच मंदावतो. म्हणून अशा विद्युत्घटांत खाण्याचा सोडा मिसळून सामू ७ च्या आसपास राखितात. आंबट जमिनीस चुना देणारा शेतकरी हेंच तत्त्व पाळीत असतो.