शब्दांची यादी नको, वाक्यांची वही कर

खडेबाजार, बेळगाव

चि. बाळू,

तुझा नोकरीचा अर्ज वाचला. 'आय हॅव अ प्लेथोरा ऑफ एक्स्पीरियन्स' हे वाक्य आधी खोड. प्लेथोरा म्हणजे नको इतकं, गरजेबाहेर. अवघड शब्दांच्या यादीतून तू अर्थ उचललास. तो शब्द कुठं बसतो हे यादी सांगत नाही.

कन्नड कसं शिकलास आठव. दुकानात गिऱ्हाईक आलं की 'बर्री, कुंड्री, येन बेकरी?' कानावर पडायचं. शब्द, सूर आणि प्रसंग एकदमच डोक्यात बसले, पाठांतर कुणी करून घेतलं नाही. इंग्रजीचा रस्ताही हाच.

रोज एक अग्रलेख वाच. अडलेला शब्द एकटा उतरवू नकोस, अख्खं वाक्य उतरव. पाऊस 'हेवी', चहा 'स्ट्राँग', निर्णय 'मेक' करायचा. कुठल्या शब्दाबरोबर कुठला येतो हे इंग्रजीत ठरलेलं असतं, आणि आपण ज्याला भारी इंग्रजी म्हणतो ते बरंचसं यातच असतं. सारख्या दिसणाऱ्या शब्दांकडेही नीट बघ: डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतो, सरकार संघटनेला 'प्रोस्क्राइब' करतं, म्हणजे बंदी घालतं. घाईत एकाच्या जागी दुसरा गेला तर अर्थ उलटा. उतरवलेलं दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा वाच.

कोश शिकणाऱ्यांसाठी केलेला, इंग्रजी-इंग्रजीच घे. हॉर्नबी नावाच्या इंग्रज मास्तरांनी जपानात शिकवताना असा कोश सहकाऱ्यांसह तयार केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला, पुढं ऑक्सफर्डनं छापला. शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे त्यात दाखवलेलं असतं.

मराठी मात्र सोडू नकोस. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, जन्म १८३१. इथल्या मिशन शाळेत शिकले, १८५७ साली 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली आणि १८६३ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली. दोन्ही भाषांत मुरल्याशिवाय हे काम होत नाही. वैतागणं आणि अन्याय बघून संतापणं यांतला फरक ज्याला मराठीत जाणवतो, त्यालाच 'अनॉइड' आणि 'इंडिग्नंट' वेगळे दिसतात.

वही आजच आण. पहिल्या आठवड्याची वाक्यं रविवारी फोनवर मला वाचून दाखव.

तुझा,
काका