रूप बदलले, वाचक का बिथरले?

प्रश्न : तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने नवे रूप घेतले की वाचक आरडाओरडा करतात. चार दिवसांत सवय होते, मग तो मनावर का घ्यायचा?

उत्तर : बहुतेक वेळा सवय होते, हे खरे. 2022च्या सप्टेंबरमध्ये ‘द व्हर्ज’ने मुखपृष्ठावर छोट्या नोंदींचा अखंड प्रवाह आणला, तेव्हा नाके मुरडणारे कमी नव्हते, संकेतस्थळ मात्र व्यवस्थित चालू राहिले.

‘डिग’चे तसे झाले नाही. तिथे कोणती बातमी वर चढणार हे वाचकांची मते ठरवत. ऑगस्ट 2010मध्ये चौथी आवृत्ती आली. नावडती बातमी गाडून टाकण्याचे बटण गायब झाले, मोठ्या प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप टाकण्याची सोय मिळाली, वर तांत्रिक बिघाड. संतापलेल्या वाचकांनी मुखपृष्ठ प्रतिस्पर्धी ‘रेडिट’च्या दुव्यांनी भरून टाकले, आणि अनेकांनी मुक्कामच तिकडे हलवला. 2012मध्ये ‘डिग’ तुकड्या-तुकड्यांत विकले गेले.

‘स्लॅशडॉट’चे वाचक तर जुने खोड. फेब्रुवारी 2014मध्ये नव्या रूपाविरुद्ध त्यांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला. मोकळी पांढरी जागा त्यांना खुपलीच, पण खरी धास्ती वेगळी होती : बातमीखालची जाणकार चर्चा, जिच्यासाठी ते यायचे, तीच नव्या मांडणीत वाचवेना. अखेर ती मांडणी गुंडाळावी लागली.

म्हणून संपादकाने तक्रारी चाळून घ्याव्यात. ‘रंग भडक आहे’ ही तक्रार महिनाभर थांबू शकते. ‘पूर्वी करता येत होते ते आता येत नाही’ ही त्याच आठवड्यात तपासावी.